ड्रिलच्या मेलेल्या बॅटऱ्या आणि बुधवार पेठेतलं रिपॅकिंग

तीन बॅटऱ्या घेऊन गेलो होतो. एक जिवंत होऊन आली, एकीला दुकानवाल्या काकांनी हातच लावला नाही, आणि तिसरी उघडल्यावर मला कळलं की मी दोन वर्षं अर्ध्या रिकाम्या डब्याला चार्जिंग लावत होतो. तर हा त्या रिपॅकिंगच्या, म्हणजे जुन्या डब्यात नवीन सेल बसवून देणाऱ्या दुकानाचा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, काकांनीच सांगितलंय की आधीच कामं पेंडिंग आहेत, आणखी गर्दी नको.

आधी माझं सांगतो म्हणजे संदर्भ लागेल. माझं मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब फिटिंगचं काम, हाताखाली दोन पोरं. वाकड, पुनावळे, रावेत ह्या पट्ट्यात नवीन बिल्डिंगा, लोकांना फ्लॅटची चावी मिळालेली असते पण मीटर बसलेला नसतो, पॅसेजमधून वायर ओढायला गेलं की वॉचमन लगेच वर येतो. त्यामुळे कॉर्डलेसशिवाय आमचं पान हलत नाही. आणि कॉर्डलेस मशीन म्हणजे खरं तर बॅटरीच हो, मशीन दहा वर्षं चालतं, बॅटरी तीन वर्षांत मान टाकते.

माझी १८ व्होल्ट २ अँपिअर-अवरची (हे साठ्याचं माप) बॅटरी अशीच गेली. चार्जरवर हिरवा दिवा, फुल्ल चार्ज, आणि मशीनला लावून चार-पाच स्क्रू मारले की दम तुटायचा, दोन मिनिटं बाजूला ठेवली की परत दोन स्क्रू. पोरं म्हणाली मशीन गेलं. मशीन नव्हतं गेलं, दुसरी बॅटरी लावली की व्यवस्थित पळायचं. मग काही दिवसांनी चार्जरनेच तिला घ्यायचं बंद केलं, लावली की लाल दिवा टिकटिक टिकटिक. नवीन बॅटरीचा भाव काढला तर ३,९००. त्यात थोडे घातले की चार्जरसकट अख्खं चायना मशीन येतं.

इथे माझी पहिली चूक झाली. घराजवळच्या एका रिपेअरवाल्याकडे गेलो, त्याने पॅक उघडला, पाच सेल, त्यातले चार ३.९ व्होल्टला आणि एक २.१ ला. म्हणाला एकच सेल गेलाय, ३५० रुपयांत करून देतो. मला वाटलं सुटलो! दोन महिने चालली आणि परत तेच. नंतर काकांकडे कळलं की हे असंच होणार होतं, कारण पाचही सेल एकामागे एक सिरीजमध्ये असतात, त्यात जो सगळ्यात अशक्त तो आधी रिकामा होतो आणि बाकीच्यांची ताकद असली तरी पॅक तिथेच थांबतो. एक नवा सेल घातला तर अशक्तपणाचा नंबर उरलेल्या चार म्हाताऱ्यांपैकी एकाचा लागतो, एवढंच. वर त्या भाऊने सेल सोल्डरिंग करून बसवला होता, म्हणजे सेलच्या टोकाला सरळ गरम कथील लावलेलं. काकांनी ते बघून नुसतं माझ्याकडे बघितलं.

दुकान तापकीर गल्लीच्या जवळ एका बोळात, लाकडी जिन्याने वर, एक टेबल, सेलला पट्टी जोडायचं एक स्पॉट वेल्डिंग मशीन, भिंतीला लावलेले डबे आणि सगळीकडे ई-बाइकच्या बॅटऱ्या. मुख्य धंदा त्याचाच आहे, ड्रिलवाले मध्येच घुसतात. पहिल्या दिवशी तर मला परत पाठवलं, कारण मी चार्जर आणला नव्हता. म्हणाले, "चार्जर बघितल्याशिवाय मी बॅटरी घेत नाही, नंतर तुम्ही म्हणणार काकांनी बिघडवली." राग आला होता, पार्किंगला अर्धा तास गेला होता, पण बरोबर होतं त्यांचं.

दुसऱ्या वेळी सगळं घेऊन गेलो. त्यांनी विचारलं काम काय करता, मशीन साधं ड्रिल आहे का ठोके देत फिरणारं इम्पॅक्ट, दिवसाला किती चार्ज. मला वाटलं गप्पा मारतायत. पण सेल त्यावरच ठरतो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ लांबी हे नुसतं माप आहे, त्या मापात टॉर्चचा सेलही येतो, लॅपटॉपचाही येतो आणि ड्रिलचाही. लॅपटॉपवाल्या सेलमध्ये साठा जास्त पण एकदम करंट काढला की तो बसतो. ड्रिल स्क्रूच्या शेवटच्या वळशाला भसकन करंट ओढतं, तिथे सेल २० अँपिअर देणारा लागतो. माझ्यासाठी त्यांनी सॅमसंगचे २५आर सांगितले, २५०० एमएएच म्हणजे अडीच अँपिअर-अवर, आणि २० अँपिअर देणारे. मी ऑनलाइन बघितलेले ९९०० एमएएचवाले सेल दाखवले, तेही ९० रुपयांना, तर काका हसायलाच लागले, म्हणे ह्या मापात साडेतीन हजारच्या आसपास मिळाले तरी पुष्कळ झालं, ९९०० फक्त स्टिकरवर बसतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मिठाचं पाणी. सेल जोडायला निकेलची पट्टी लागते, बाजारात निकेलचा नुसता मुलामा दिलेली लोखंडी पट्टीपण तशीच चकचकीत मिळते, चुंबकालाही दोन्ही चिकटतात, त्यामुळे ना डोळ्याने कळतं ना चुंबकाने. काका नवीन रोल आला की तुकडा कापून, कानशीने घासून मिठाच्या पाण्यात टाकून ठेवतात, लोखंड असेल तर एक-दोन दिवसांत गंज सुटतो. टेबलावर अशा चार वाट्या होत्या, एकीत पाणी तांबूस. तो रोल परत पाठवला म्हणे. लोखंडी पट्टीला रेझिस्टन्स जास्त, लोड आला की तीच तापते.

हिशोब असा: पाच सेल ३२० प्रमाणे १,६०० आणि मजुरी ३००, एकूण १,९००. मूळ सर्किट तेच ठेवलं, टेम्परेचर बघणारा छोटा सेन्सर परत सेलला पिवळ्या टेपने चिकटवला (पहिल्या रिपेअरवाल्याने तो हवेत लोंबकळत सोडला होता, म्हणजे बॅटरी कितीही तापली तरी चार्जरला पत्ता नाही). वेल्डिंगआधी पाचही नवीन सेल मोजून दाखवले, दुसऱ्या दशांशापर्यंत सारखे होते.

रिझल्ट सांगतो. मेलेल्या अवस्थेत १८ एमएम प्लायमध्ये दीड इंची स्क्रू चाळीस-पन्नास व्हायचे, तेही रडतखडत. आता एका चार्जला अडीचशेच्या वर जातात, मी मोजायचं सोडून दिलं. आज सात महिने झाले, रोज वापर, दम तसाच आहे. चार्जिंगला मात्र पहिल्यापेक्षा वेळ लागतो, साहजिक आहे, २ ची अडीच झाली आणि चार्जर तोच.

आता नावडलेलं. दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले, फोन उचलत नाहीत, उचलला तर "उद्या". ऐन दिवाळीच्या आधी, दोन किचनची डिलिव्हरी तोंडावर, मी शेजारच्या साइटवरून बॅटरी उसनी मागत फिरत होतो. पक्कं बिल नाही, वॉरंटी म्हणजे बॅटरीच्या बुडाशी मार्करने लिहिलेली तारीख, "सहा महिन्यांत काही झालं तर या". आणि केसची एक क्लिप उघडताना तुटली ती तशीच दिली, बॅटरी हलवली की किंचित खुळखुळते. हे चालवून घेतलं मी, पण सांगायला हवं.

दुसरी बॅटरी माझ्या उस्तादांच्या जुन्या ड्रिलची, १४.४ व्होल्ट निकेल कॅडमियम, आत १.२ व्होल्टचे बारा जाडे सेल. मला ती माझ्या १८ व्होल्टवालीसारखी लिथियम करून हवी होती, यूट्यूबवर बघितलं होतं. काकांनी सरळ नाही म्हटलं. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला थांबवावाच लागतो आणि जुन्या निकेलच्या चार्जरला ते थांबणं माहीतच नाही, एक दिवस कोणीतरी सवयीने तोच चार्जर लावणार आणि घर पेटणार. करायचंच तर सर्किट वेगळं, चार्जर वेगळा, खर्च नवीन मशीनएवढा. म्हणाले शोकेसमध्ये ठेवा. दोन हजार सहज काढता आले असते माझ्याकडून, नाही काढले, माझे निम्मे स्टार तिथेच.

तिसरी एका चायना मशीनची, वर मोठ्या अक्षरात ८८ व्हीएफ. हे ४८, ८८, १२८ व्हीएफ जे लिहितात त्याचा व्होल्टशी काही संबंध नाही बरं का, माझ्या पॅकमध्ये पाच सेल निघाले, म्हणजे फुल्ल चार्जला २१ व्होल्ट. डबा दहा सेलचा, पाच जागा रिकाम्या! वजन हलकं का हे मला दोन वर्षं कळलं नाही. काका म्हणाले ह्यात चांगले सेल घालू, पण सर्किट एकेक सेल बघतच नाही, फक्त एकूण व्होल्ट बघतं, त्यामुळे नवीन सेलचंही तेच होईल. सोडून दिली.

जाता जाता मला शिव्याही बसल्या. मी बॅटऱ्या गाडीच्या डिकीत ठेवायचो, एप्रिल-मेमध्येसुद्धा, आणि पावसाळ्यात काम नसलं की रिकामी बॅटरी दोन महिने तशीच पडून. रिकामी ठेवली की सेल आणखी खाली जातात, फार खाली गेलेला सेल आतून खराब होतो, मग चार्जरला लाल दिवा. आता निम्म्या चार्जवर घरात ठेवतो, आणि कामावरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावत नाही. आणि हो, चांगल्या बॅटरीची वायर जोडून मेलेल्या बॅटरीला "किक" मारायचे व्हिडिओ फिरतात, ते आमचा एक पोरगा करत होता, काकांनी हे ऐकून त्याचा फोन नंबर मागितला, बोलायचं होतं म्हणे त्याच्याशी.

काढलेले सेल टेप लावून त्यांनी स्वतःकडेच ठेवले, त्यांच्याकडून स्क्रॅपवाला नेतो.

एकूण पाचपैकी चार. एक स्टार त्या नऊ दिवसांचा कापला. जाणार असाल तर चार्जर सोबत न्या, रविवारी बंद असतं, आणि काम तोंडावर असताना देऊ नका, मी आता दुसरी १८ व्होल्ट पावसाळ्यातच टाकणार आहे.