नऊ कलाकार आणि एक कोट

स्मृती, संस्कृती, अस्मिता हे तीन शब्द दारावर एकत्र दिसले की मी आधी घड्याळ बघतो. नऊ कलाकारांच्या या समूह प्रदर्शनातही बघितलं. बाहेर पडलो ते दोन तासांनी!

कारण मधल्या दालनातला जुना कोट. उलटा करून टांगलाय, अस्तर बाहेर. खिशाच्या कडेला, जिथे हात रोज घासतो, तिथे कापड पार विरलंय. रफू केलेलं नाही. विरलेल्या जागेभोवती लाल टाके घातलेत, नकाशावर सीमा आखावी तसे. जवळ गेलं की मागच्या गाठीही दिसतात. माणूस नाही, त्याची सवय तेवढी उरलीय. दो हो सू हा कोरियन कलाकार स्वतः राहिलेली घरं पारदर्शक कापडात पूर्ण आकाराची शिवतो, त्याची आठवण आली.

शेजारचा चिठ्ठ्यांचा ढीग मात्र फसला. ‘एक घेऊन जा’ म्हणे. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलाकाराने १९९१ साली १७५ पौंडांचा खाऊच्या गोळ्यांचा ढीग मांडला होता. लोकांनी नेला तरी तो पुन्हा भरता येतो, खरी मेख तिथेच. इथे तळाला सात चिठ्ठ्या, भरणारं कोणी नाही.

तीन व्हिडिओंचे आवाज एकमेकांत मिसळतात. माहितीच्या पाट्या गुडघ्याच्या उंचीवर, अक्षरं मुंगीएवढी (त्या न वाचल्याने काही बिघडलं नाही म्हणा). बाकी चित्रं ठीकठाक.

कोटासमोर बाक नव्हता. मी सरळ फरशीवर बसलो, रखवालदाराने बघूनही हटकलं नाही.