पर्वरीच्या कॉलनीत पावसाच्या पाण्यासाठी शोषखड्डे करून घेतले, एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आमची कॉलनी गोव्यात पर्वरीला, उतारावर १४ घरं, सगळ्यांनी अंगणात काँक्रीट घातलेलं, त्यामुळे पाऊस लागला की सगळं पाणी रस्त्यावरून धावत खालच्या दोन घरांच्या पायरीला. गेल्या वर्षी चतुर्थीला शेजारच्या काकूंकडे माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची सजावट) बांधायची सोडून आम्ही बादल्यांनी पाणी उपसत होतो, तेव्हाच ठरवलं की आता बास.

पहिला कॉन्ट्रॅक्टर आला तो बघितल्या बघितल्या बोलला गटार मोठं करा. म्हणजे आमचं पाणी खालच्या वाड्यावर! मग ज्यांच्याकडून काम करून घेतलं ते लोक म्हापशाहून आले, त्यांनी आधी तीन ठिकाणी खड्डे खणले, पाणी भरलं आणि तासाला किती उतरतं ते मोजत बसले. वरच्या बाजूला जांभा, तिथे पाणी भराभर मुरलं, खाली चिकट माती, तिथे हललंच नाही. म्हणून शोषखड्डे फक्त वर, आणि खाली गवताचा उथळ चर. एका घरात सेप्टिक टँक आणि विहीर दोन्ही जवळ होती तर तिथे खड्डा करायला सरळ नाही म्हणाले, पैसे मिळत असून, तिथेच माझा विश्वास बसला.

त्यांच्या इंजिनियर ताईने हिशोब पण नीट समजावला. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणजे १५० चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात १०० मिमी पडला (आपल्याकडे जुलैत पडतोच) तर १५,००० लिटर. आणि २ मीटर लांब-रुंद-खोल खड्ड्यात खडी भरली की पाण्याला जागा उरते साधारण ३,००० लिटरची. म्हणजे खड्डा सगळं पाणी साठवत नाही, तो मुरवत राहतो, जास्तीचं चरात आणि शेवटी गटारात, हे तिने आधीच सांगितलं, उगाच मोठ्या बाता नाहीत.

यंदा पायऱ्यांपर्यंत पाणी एकदाही आलं नाही. रस्त्यावर साचलं तरी तासाभरात ओसरलं, त्यामुळे डासांची भीती पण कमी.

एक स्टार का कापला ते सांगते. अंगणात फटींत गवत लावायचे पेव्हर (फरशीचे ठोकळे) बसवताना कामगाराने सवयीने एका घरासमोर फटी सिमेंटने बुजवल्या, मग पाणी मुरणार कुठून, ते परत उखडायला लावलं. आणि खड्ड्याआधीची गाळाची टाकी दर थोड्या दिवसांनी साफ करावी लागते हे कोणी सांगितलंच नाही. ऑगस्टात आंब्याच्या पानांनी जाळी तुंबली, फोन केला तर तीन दिवस उद्या येतो, उद्या येतो. शेवटी आम्हीच काढली, अर्ध्या तासाचं काम.

करून घेणार असाल तर एप्रिलातच बोलवा, मृग लागल्यावर खणायला गेलात तर खड्ड्यात आधी चिखलच भरेल. आणि साफसफाईचं कोटेशनमध्ये लिहून घ्या.