सत्तरीत अमेरिकेला कायमचं जाताना घेतलेला आरोग्य विमा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आधी कोणाचा आणि कुठला विमा ते सांगते. दोन ज्येष्ठ, वय ७२ आणि ६९. मुलगी अमेरिकी नागरिक, तिच्या अर्जावर दोघांना ग्रीन कार्ड. राहणं टेक्सासमध्ये. विमा हेल्थकेअर डॉट गव्ह या केंद्रीय मार्केटप्लेसवरून घेतलेला सिल्व्हर (मधल्या पायरीचा) प्लॅन, प्रकार एचएमओ (ठरलेल्या डॉक्टरांपुरता). एकाला मधुमेह आणि रक्तदाब, दुसऱ्याला थायरॉइड आणि गुडघे. कंपनीचं नाव देऊन फायदा नाही, कारण काउंटी (तिथला जिल्हा) बदलली की कंपन्या, दर आणि डॉक्टरांची यादी सगळंच बदलतं.

पासष्टीपुढच्या माणसाला अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, हे अर्धंच खरं. ग्रीन कार्डवाल्याला अर्जाच्या लगेच आधीची सलग ५ वर्षं अमेरिकेत वास्तव्य दाखवावं लागतं. मुलांनी वीस वर्षं भरलेला कर इथे कामाला येत नाही. त्यातला पार्ट ए (रुग्णालयाचा भाग) फुकट हवा तर ४० तिमाह्यांची नोकरी स्वतःची किंवा जोडीदाराची लागते. भारतात कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांना घालायची आपल्याला सवय आहे, तसं तिथे सहसा होत नाही. मेडिकेड हा कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमाही बहुतेक ग्रीन कार्डधारकांना पहिली ५ वर्षं बंद. म्हणजे ही पाच वर्षं खासगी विम्यावरच काढायची.

त्यात बरेच जण व्हिजिटर इन्शुरन्स (पाहुण्यांसाठीचा तात्पुरता विमा) घेऊन मोकळे होतात. हप्ता कमी आणि अर्ज दहा मिनिटांत, म्हणून मोह होतो. पण त्यात आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. फार तर ‘जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली’ तर मर्यादित रक्कम मिळते आणि वय वाढेल तशी ती मर्यादा आकसत जाते. रोजच्या गोळ्या, तीन महिन्यांची रक्ततपासणी, ठरवून केलेली शस्त्रक्रिया यातलं काही त्यात बसत नाही. पहिला एखादा महिना निभावायला तो ठीक.

मार्केटप्लेसच्या प्लॅनची दोन वैशिष्ट्यं ज्येष्ठांच्या सोन्यासारखी कामाची. जुन्या आजारासाठी नकार नाही, जादा हप्ता नाही, प्रतीक्षा कालावधीही नाही. आणि टेक्सासमध्ये लागू असलेल्या वयाच्या कोष्टकात दर ६४ वर्षांवर थांबतो, म्हणजे ६४ च्या माणसाला जो हप्ता तोच ८५ च्या. मात्र थांबतो तो वरच्याच मजल्यावर. कोष्टकात २१ वर्षांच्या माणसाचा गुणक १, ४० वर्षांच्याचा १.२७८ आणि ६४ पासून पुढे ३. जो प्लॅन ४० वर्षांच्या मुलाला ६०० डॉलरला पडतो, तो वडिलांना साधारण १,४०० डॉलर. दर महिन्याला, माणशी.

आत शिरतानाच खरा त्रास. अमेरिकेत राहायला आल्यापासून ६० दिवसांची खिडकी मिळते. प्लॅन निवडला की विमा पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सुरू होतो. म्हणून महिनाअखेरीस उतरून दोन दिवसांत अर्ज केला तर बिनविम्याचे दिवस कमी, ३ तारखेला उतरलात तर जवळजवळ महिना. विमानाचं तिकीट काढताना हे बघायला हरकत नाही. ही खिडकी चुकली, तर १ नोव्हेंबरपासूनच्या वार्षिक नोंदणीची वाट पाहायची आणि विमा थेट जानेवारीत.

ऑनलाइन अर्जात ओळख पटवायची पायरी नक्की अडकते, कारण ती क्रेडिट इतिहासावरून प्रश्न विचारते आणि नुकत्याच आलेल्या माणसाला तो इतिहासच नसतो. तिथे झटापट करत बसू नका. पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड अपलोड करा, नाहीतर फोनवर अर्ज भरा. दुसरी अडचण एजंटांची. वय ६५ च्या पुढे दिसलं की ते हात झटकतात, कारण मेडिकेअर असलेल्याला असा प्लॅन विकणं कायद्याने गुन्हा आहे. मेडिकेअरला अजून पात्र नाही, असं सोशल सिक्युरिटी कार्यालयाचं पत्र घेऊन ठेवा. ते एक पत्र पुढे चार ठिकाणी उपयोगी पडतं.

आता पैशांचं. पहिल्या वर्षी (२०२५) हा विमा जवळजवळ फुकटात पडला आणि जानेवारी २०२६ ला चित्र पार बदललं. आधी कमी उत्पन्नाच्या स्थलांतरितांना मेडिकेड मिळत नाही म्हणून दारिद्र्यरेषेखालचं उत्पन्न असलं तरी हप्त्यात सरकारी सवलत होती. २०२५ च्या जुलैमधल्या कायद्याने ती काढली. त्याच वेळी २०२१ पासूनची वाढीव सवलतही संपली. २०२६ साठी दोन माणसांच्या घराला सवलत हवी तर वार्षिक उत्पन्न २१,१५० डॉलर (दारिद्र्यरेषा) ते ८४,६०० डॉलर (तिच्या चौपट) यांच्या दरम्यान हवं.

यातली गंमत आपल्या लोकांना लवकर कळत नाही. उत्पन्न म्हणजे जगभरातलं, भारतातल्या ठेवींचं व्याज आणि फ्लॅटचं भाडं धरून. डॉलर ९० रुपये धरला तर २१,१५० डॉलर म्हणजे साधारण १९ लाख रुपये. पुण्यात ११-१२ लाख वार्षिक उत्पन्न असलेलं जोडपं खाऊनपिऊन सुखी, पण या हिशोबात ते रेषेखाली जातं आणि पूर्ण हप्ता भरतं: दोघांचे मिळून वरच्या उदाहरणाने महिना २,८०० डॉलर. तेच उत्पन्न २२,००० डॉलर असेल तर आधारभूत (ज्यावरून सवलत मोजतात त्या) सिल्व्हर प्लॅनसाठी उत्पन्नाच्या २.१ टक्के, म्हणजे वर्षाला ४६२ डॉलर. वर्षाला! शिवाय रेषेच्या १५० टक्क्यांपर्यंत डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि कोपेही (दर भेटीला किंवा औषधाला द्यायची ठरावीक रक्कम) जोरात खाली येतात, पण फक्त सिल्व्हर घेतला तर. त्याखालच्या पायरीचा ब्राँझ स्वस्त दिसतो म्हणून तो घेणाऱ्यांचा हा फायदा बुडतो.

म्हणून अर्ज भरण्याआधी अमेरिकी कर जाणणाऱ्या सीपीएसोबत (तिथला सीए) एक बैठक हवीच. मुदत ठेव कधी मोडायची, व्याज कुठल्या वर्षात धरलं जातं, पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी तिथे मोजतात, भारतीय म्युच्युअल फंडांना तिथला पीएफआयसीचा किचकट नियम लागतो, सरकारी पेन्शनला दोन देशांमधला कर-करार लागतो. उत्पन्न खरं असायला हवं, आकडा फुगवून लिहू नका. वर्षअखेर विवरणपत्रात ताळा होतो आणि २०२६ पासून जास्त घेतलेली सवलत परत करण्यावर वरची मर्यादा उरलेली नाही. नवरा-बायकोने विवरणपत्र एकत्र भरणं सक्तीचं. मुलगी करात आई-वडिलांना आश्रित दाखवणार असेल तर तिचं उत्पन्न हिशोबात येतं आणि बहुतेक घरांत सवलतीचा विषय तिथेच संपतो.

प्रत्यक्ष वापरात पहिला अडथळा औषधांचा. घरून आणलेल्या पाकिटावर मेटफॉर्मिन ५००, ग्लिमेपिराइड २, व्होग्लिबोज ०.२ असं एकाच गोळीत लिहिलेलं. अमेरिकेत ही तिहेरी गोळी नाही आणि व्होग्लिबोज मंजूरच नाही. व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, रक्तदाबाची सिल्निडिपिन, यांचीही तीच गत. ब्रँडचं नाव सांगून काहीच कळत नाही, प्रत्येक गोळीतलं मूळ औषध आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड वेगळ्या दिल्या, दोन्ही विम्याच्या औषधयादीत सर्वांत स्वस्त पायरीवर. मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या विम्याशिवायही वॉलमार्टच्या यादीत महिन्याला ४ डॉलरला मिळतात, तेव्हा कोपे आणि रोख भाव दोन्ही विचारावे. औषधं बदलून साखर स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून निघताना भारतातून ९० दिवसांचा साठा आणि चिठ्ठी बरोबर हवी.

दुसरा अडथळा ‘आलोच आहोत तर दाखवून टाकू’ या सवयीचा. वार्षिक तपासणी पूर्ण मोफत असते. पण त्याच भेटीत गुडघा दुखतो म्हटलं आणि डॉक्टरांनी तो तपासला, तर ती दुसरी भेट धरली जाते. बिलात ९९२१३ असा कोड आणि त्याला २५ हा जोड दिसतो, आणि ती रक्कम कोपे किंवा डिडक्टिबलमध्ये जाते. यात फसवणूक काही नाही, नियमच तसा आहे. ज्यांचा डिडक्टिबल मोठा आहे त्यांनी गुडघ्यासाठी वेगळा दिवस घेतला तरी तेवढेच पैसे जातील, निदान धक्का बसणार नाही.

एचएमओ म्हणजे आधी ठरलेला फॅमिली डॉक्टर, त्याच्या चिठ्ठीशिवाय हाडांचा डॉक्टर नाही. टेक्सासच्या मार्केटप्लेसवर पीपीओ (नेटवर्कबाहेरही चालणारा प्लॅन) शोधू नका, तिथे बहुतेक एचएमओ आणि ईपीओच (हाही नेटवर्कपुरताच) भेटतात. कंपनीच्या संकेतस्थळावरची डॉक्टरांची यादी शिळी असते. दवाखान्यात फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा, नुसतं कंपनीचं नाव सांगितलं की समोरून ‘हो, घेतो’ येतं आणि नंतर तो दवाखाना त्या प्लॅनच्या नेटवर्कबाहेर (कंपनीशी करार नसलेला) निघतो. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जाऊन स्वतःच रक्त देता येतं, इथे विम्यातून हवं तर डॉक्टरांची ऑर्डर लागते आणि लॅबही नेटवर्कमधलीच लागते. एमआरआयला पूर्वपरवानगी. ती बहुधा आधी नाकारली जाते, कारण फिजिओथेरपी करून पाहिल्याची नोंद कागदावर नसते. नोंद जोडून पुन्हा मागितली की काम होतं.

घरी आधी जे येतं ते बिल नसतं. ‘हे बिल नाही’ असं छापलेला विमा कंपनीचा हिशोब आधी येतो आणि काही आठवड्यांनी रुग्णालयाचं खरं बिल. दोन्हींतली ‘रुग्णाने द्यायची रक्कम’ जुळल्याशिवाय एक डॉलर भरू नका. तातडीच्या उपचारात नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयाला वरचे पैसे मागायला १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे, पण रस्त्यावरून येणारी अँब्युलन्स त्या कायद्यात नाही. सर्वांत वाईट वर्षातही २०२६ मध्ये नेटवर्कमधला खर्च माणशी १०,६०० डॉलरवर थांबतो. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये कंपनीची जबाबदारी एका आकड्यावर थांबते, इथे तुमची.

एक सोय फार कमी लोक वापरतात. रुग्णालयाला दुभाषी मोफत पुरवावा लागतो आणि तो फोनवर मराठीही मिळतो. भेट ठरवतानाच ‘मराठी’ असं सांगा, नाहीतर नाव बघून हिंदी दुभाषी जोडतात. मुलीसमोर न सांगितल्या जाणाऱ्या तक्रारी त्यामुळे डॉक्टरांपर्यंत पोहोचतात.

दात आणि चष्मा यांच्या वाट्याला हा प्लॅन जातच नाही. ती कामं भारतभेटीत उरकायची, पण भारतात हा विमा शून्य. म्हणून भारतातली जुनी पॉलिसी चालू ठेवाच. ती बंद करून सत्तरीत नवी घ्यायला गेलात तर जुन्या आजारांसाठी पुन्हा ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर आणखी ३० दिवस मिळतात. पॉलिसी बंद पडण्याचं नेहमीचं कारण मात्र हास्यास्पद असतं: भारतातलं सिम रिचार्ज न केल्याने बंद झालेलं, त्यामुळे ओटीपी येत नाही. हप्ता एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून आपोआप जाईल असं करा, सिम जिवंत ठेवा, बदललेला पत्ता कंपनीला लेखी कळवा.

भारतात चार महिने राहायचं म्हणून अमेरिकेतला विमा तेवढ्यापुरता सोडण्याचा विचार मनात येतो. करू नका. सुट्टीवरून परत येणं हे स्थलांतर धरत नाहीत, नवी खिडकी मिळत नाही. मुक्काम सहा महिन्यांच्या आत ठेवा, कारण त्यापुढे मेडिकेअरच्या सलग ५ वर्षांच्या वास्तव्यावरच प्रश्न उभा राहतो. प्रत्येक ये-जा बोर्डिंग पाससकट एका वहीत लिहून ठेवा.

पाच वर्षं भरतात तो महिना, त्याच्या आधीचे ३ आणि नंतरचे ३, अशी सात महिन्यांची मुदत मेडिकेअरच्या नोंदणीला मिळते. चुकली तर पार्ट बी चा (डॉक्टरांच्या भागाचा) हप्ता उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे १० टक्के वाढतो, तो कायमचा. २०२६ च्या दराने ३० पेक्षा कमी तिमाह्या असलेल्याला पार्ट ए ५६५ आणि पार्ट बी २०२.९० डॉलर, एकूण ७६७.९० डॉलर महिना माणशी. वर औषधांचा पार्ट डी वेगळा.