मॅजिस्क वापरून बघितलं, भारी आहे पण मेन फोनवर नको

अँड्रॉइड फोन रूट करायचा, म्हणजे सिस्टमवर पूर्ण ताबा मिळवायचा, तर आता मॅजिस्क हेच अ‍ॅप. आधी त्यासाठी सुपरएसयू अ‍ॅप होतं, ते थेट सिस्टम पार्टिशनमध्ये (अँड्रॉइड जिथे असतं त्या भागात) हात घालायचं आणि मग अपडेट आलं की बोंब. मॅजिस्क 2016 मध्ये जॉन वूने आणलं, ते सिस्टमला धक्का न लावता फक्त बूट इमेज (फोन सुरू होताना लागणारी फाइल) पॅच करतं, म्हणजे तिच्यात बदल करतं, त्यामुळे नको झालं तर अ‍ॅपमधूनच काढता येतं. मला हेच सगळ्यात आवडलं.

खरी कटकट त्याच्या आधीची. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक केला की फोनमधलं सगळं उडतं, सगळं म्हणजे सगळं, फोटोबिटो आधीच काढून ठेवा. काही कंपन्या तर अनलॉक करूच देत नाहीत, मग विषयच संपला. आणि सॅमसंगवाल्यांनो नीट विचार करा, रूट करताना नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज एकदा उडाला की मूळ सॉफ्टवेअर टाकूनही परत येत नाही, सॅमसंग पे गेलंच समजा. एवढं झालं की आपल्या फोनच्याच आणि त्याच बिल्ड नंबरच्या फर्मवेअरमधून (कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) बूट इमेज घ्यायची (अँड्रॉइड 13 घेऊनच आलेल्या बऱ्याच फोनना त्याऐवजी इनिट बूट नावाची इमेज लागते), अ‍ॅपमध्ये पॅच करायची, कॉम्प्युटरवरच्या फास्टबूट टूलने फ्लॅश मारायची, म्हणजे फोनमध्ये चढवायची (सॅमसंगला फास्टबूट नाही, तिथे ओडिन), झालं. दुसऱ्याने पॅच केलेली फाइल कृपया टाकू नका.

पुढची मजा मात्र वसूल आहे. कंपनीने चिकटवलेली फालतू अ‍ॅप्स साफ, अ‍ॅडअवे अ‍ॅपने जाहिराती बंद, जुन्या फोनचं चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवता येतं. एखादं मॉड्यूल (मॅजिस्कमध्ये वरून टाकलेली जोडणी) गंडून बूटलूप झाला, म्हणजे फोन पूर्ण चालू न होता रीस्टार्टच होत राहिला, तर सेफ मोडमध्ये चालू करा, सगळी मॉड्यूल्स बंद होतात, फोन वाचतो.

आता बँकेची अ‍ॅप्स, रूट दिसलं की ती बरेचदा चालतच नाहीत. इथे माझे स्टार कापले, खरं तर यात मॅजिस्कचा दोष कमीच. 24 व्हर्जनपासून रूट लपवणारं मॅजिस्कहाइड गेलं आणि झायगिस्क (अ‍ॅप्समध्ये मॅजिस्कचा कोड चालवणारं), डिनायलिस्ट (वगळायच्या अ‍ॅप्सची यादी) आलं, पण डिनायलिस्ट रूट लपवायला नाहीच मुळी, ते फक्त त्या अ‍ॅपमध्ये मॅजिस्कची ढवळाढवळ होऊ देत नाही. वर गूगलची प्ले इंटिग्रिटी, म्हणजे फोनशी छेडछाड झालीय का हे अ‍ॅप्सना सांगणारी सेवा, तिची कडक तपासणी हार्डवेअरकडूनच विचारून घेते की बूटलोडर उघडाय का, त्यामुळे जुगाडाची मॉड्यूल्स टाकून आज चाललेलं अ‍ॅप उद्या उघडेलच असं नाही. पैशाचे व्यवहार ज्या फोनवर आहेत त्याला हात लावू नका, जुना फोन घ्या आणि खुशाल खेळा.

आणि डाउनलोड फक्त मॅजिस्कच्या अधिकृत गिटहब पानावरून, मॅजिस्कच्या नावाने खोट्या साइट बऱ्याच आहेत. पाचपैकी चार.