ओएलईडी फोन: नवरात्रीपासून पावसाळ्यापर्यंत वापरल्यावर

नवरात्रीत बडोद्याच्या दांडिया बाजारातून हा फोन घेतला, आता पावसाळा लागला. बॅटरी, कॅमेरा ठीकच आहेत, मी लिहिणार ते फक्त स्क्रीनबद्दल, कारण मी केमिस्ट्रीचा माणूस आणि ह्या ओएलईडी (म्हणजे ऑरगॅनिक एलईडी) स्क्रीनमधली उजेड देणारी ऑरगॅनिक मटेरियल्स माझ्या फार आवडीची.

काळा रंग म्हणजे खरंच काळा हो! पिक्सेल बंद तर बंद, मागे बॅकलाइट नाहीच. दुसऱ्या फोनला मॅक्रो लेन्स लावून पाहिलं तर हिरवे ठिपके बारीक आणि संख्येने जास्त, लाल-निळे कमी, आणि निळा सगळ्यात मोठा. निळा लवकर उतरतो म्हणून त्याला जागा जास्त दिलेली, म्हणजे तेवढ्याच उजेडाला करंटचा ताण कमी पडतो.

खरी गंमत रेणूच्या आकारात आहे. पेरिलीनसारखा सपाट रेणू पातळ द्रावणात झकास चमकतो, पण घन थर केला की पोळ्यांसारखी चवड लागते आणि उजेड विझतो. म्हणून मुद्दाम रेणूला पीळ देतात, आडवेतिडवे ग्रुप लावतात. 2001 मध्ये हाँगकाँगला बेन झोंग टांग यांच्या ग्रुपला ह्याच्या उलट सापडलं, सायलोलच्या (सिलिकॉन असलेली पाच अणूंची रिंग) भोवती तिरक्या जोडलेल्या बेंझिन रिंगा द्रावणात फिरत राहतात आणि एनर्जी त्यातच जाते, रेणू एकत्र दाटले की रिंगा अडकतात आणि मग तो लख्ख चमकतो. किती सुंदर आहे हे!

पिळाचा अजून एक फायदा. करंट दिला की रेणू एनर्जी घेऊन दोन प्रकारच्या अवस्थांत जातात, साधारण 25 टक्के सिंगलेट (ह्या सहज उजेड देतात) आणि 75 टक्के ट्रिपलेट, आणि साध्या फ्लोरेसंट मटेरियलमध्ये ट्रिपलेट बहुतेक वाया. 2012 ला जपानमध्ये क्युशू युनिव्हर्सिटीत चिहाया अडाची यांच्या टीमने रेणूच्या मधल्या रिंगेवर कार्बाझोल (नायट्रोजन असलेला सपाट ग्रुप) तिरके बसवले, त्याने दोन्हींतला एनर्जीचा फरक एवढा कमी झाला की खोलीच्या उष्णतेवरच ट्रिपलेट परत सिंगलेट होऊन उजेड देतात. हिरव्यात हे मस्त जमलं, निळ्यात टिकवणं अवघड, कारण निळ्याला एनर्जीच जास्त लागते आणि कमकुवत बॉंड तुटतात.

उत्तरायणला गच्चीवर उन्हात फुल ब्राइटनेस ठेवला तर फोन तापून स्क्रीन आपोआप मंद झाली, पतंगांचे फोटो नीट दिसेनात. चिडचिड होते पण ते बरोबरच आहे, उष्णतेने मटेरियल अजून लवकर खराब होतं. पांढऱ्या पानावर निळ्याला सतत राबावं लागतं म्हणून वाचताना मी डार्क मोडच लावतो, खालची बटणं काढून जेश्चर ठेवलेत, अजून डाग नाही. काकूच्या जुन्या ओएलईडीवर मात्र कीबोर्डचा ठसा कायमचा उमटलाय. तेव्हा सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच राखाडी फोटो फुल स्क्रीन लावून बघा, दुकानदार कितीही घाई करू दे.