ऑटोमॅटिक मिक्सिंगवर रिसर्च की संगीताच्या गणितावर? निवडायच्या आधी हे बघा

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, घरी तबला नाहीतर पेटी शिकलेली मुलं हल्ली हे हमखास विचारतात, की पुढे मास्टर्स किंवा पीएचडी करायची तर इंटेलिजंट मिक्सिंग (वेगवेगळ्या माइक-वाद्यांचे आवाज जुळवून एकत्र करायचं काम कॉम्प्युटरकडून करून घेणं) घ्यायचं की संगीताचं गणित (ताल-स्वरांच्या रचनेमागचं गणित). दोन्हीकडे संगीत, दोन्हीकडे गणित, त्यामुळे बाहेरून बघताना एकच वाटतं. पण आत गेलं की दोन्हीकडचा दिवस अगदी वेगळा जातो. मी लाइव्ह साउंड करत करत सिग्नल प्रोसेसिंगकडे, म्हणजे आवाजावर गणिताने प्रक्रिया करण्याकडे आलो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे, तरी दुसऱ्या बाजूवरही माझा खरंच जीव आहे.

आधी मिक्सिंग. एका नाट्यगृहात परिसंवाद होता, टेबलावर चार माइक, चारही जण कधी बोलतील त्याचा नेम नाही म्हणून मी चारही फेडर (मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) वर ठेवले आणि दहाव्या मिनिटाला सिस्टीमने जी शिट्टी मारली ती अजून कानात आहे. माझीच चूक होती. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी हातात असलेली जागा ३ डेसिबलने कमी होते, म्हणजे चार उघडे माइक असले की ६ डेसिबल गेले. यावर अमेरिकेतल्या डॅन ड्यूगन या साउंड डिझायनरने १९७० च्या दशकातच उपाय काढलाय आणि तो इतका साधा आहे की वहीत करून बघता येतो: एका माइकची पातळी (डेसिबलचा आकडा नव्हे, त्यामागची शक्ती) भागिले सगळ्या माइकची मिळून पातळी, जे येईल तेवढाच त्या माइकचा वाटा. समजा एकजण बोलतोय, त्याच्या माइकवर ६० डेसिबल येतायत आणि बाकी तिघांवर त्याचाच सांडलेला आवाज ५० डेसिबल. बोलणारा जेमतेम १.१ डेसिबल खाली जातो, बाकीचे तिघे ११.१ डेसिबल खाली. सगळे गप्प बसले की प्रत्येकजण ६ डेसिबल खाली, म्हणजे काहीही झालं तरी एकूण वाटा एकाच उघड्या माइकएवढा. यात न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) नाही, ट्रेनिंग नाही, नुसता भागाकार आहे, आणि सभा-परिषदांच्या मिक्सरमध्ये तो अजून चालतो.

बोलण्यापुरतं हे छान, गाण्याचं तसं नाही. गाण्यात सगळे एकदमच वाजतात. तिथून पुढचं काम लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतल्या सेंटर फॉर डिजिटल म्युझिकमध्ये जोरात झालं, जोशुआ राइस आणि त्यांचा विद्यार्थी एन्रिके पेरेझ गोन्झालेझ यांनी २००७ पासून पुढची तीन-चार वर्षं पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडे ठेवणं), गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा), फेडर, ईक्यू (खर्ज-तार भाग कमी-जास्त करणं) एकेक करून ऑटोमॅटिक करायचे प्रयत्न केले. पद्धत अशी की चांगले मिक्सिंग इंजिनीअर काय करतात ते नियमात बसवायचं: खर्जातली वाद्यं मधोमध, वरच्या पट्टीतली बाजूला पसरवायची, सगळ्या चॅनेलचा कानाला जाणवणारा आवाज आधी सारखा करून घ्यायचा. मग डीप लर्निंग, म्हणजे मोठी न्यूरल नेटवर्क्स आली. २०२१ मध्ये ख्रिश्चन स्टाइनमेट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं काम मला फार आवडतं, कारण त्यात नेटवर्क थेट तयार ऑडिओ हातात देत नाही, तर फेडर किती, पॅन किती, रिव्हर्ब (घुमारा) किती असे आकडे देतं आणि पुढे इंजिनीअरला हवं ते स्वतः फिरवता येतं. ज्याने रात्र रात्र डेस्कवर काढलीय त्याला यातलं मोल लगेच कळेल.

आता गणिताची बाजू, आणि इथे आपल्याच घरातलं उदाहरण घेऊ. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. पाच मात्रा भरायचे प्रकार किती? शेवटी लघु असेल तर त्याच्या आधी चार मात्रा उरतात, शेवटी गुरू असेल तर तीन. चार मात्रांचे प्रकार पाच (गुरू-गुरू, गुरू-लघु-लघु, लघु-गुरू-लघु, लघु-लघु-गुरू आणि चार लघु), तीन मात्रांचे प्रकार तीन, म्हणून पाच मात्रांचे आठ. संपलं. १, २, ३, ५, ८, १३ ही मालिका हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदांच्या हिशेबात मांडलेली आहे, फिबोनाचीचं १२०२ मधलं पुस्तक त्यानंतरचं. आणि मुख्य मुद्दा असा की हे बरोबर आहे का हे कुणाला ऐकवून विचारावं लागत नाही.

माझ्या मते निवड इथेच होते. तुमचं काम बरोबर आलंय हे कोण ठरवणार?

मिक्सिंगमध्ये ठरवणार माणसांचे कान. ब्रेख्त डे मान या संशोधकाने एकच गाणं वेगवेगळ्या मिक्सिंग शिकणाऱ्यांना दिलं आणि ती मिक्सेस नाव न सांगता लोकांना ऐकवून मतं गोळा केली, अशा कामातून काय शिकायला मिळतं तर एका गाण्याची चांगली मिक्सेस अनेक असतात, एकमेव बरोबर उत्तर असं नसतंच. म्हणजे तुमचं अल्गोरिदम वर्षभर राबून तयार झालं तरी शेवटी दहा-वीस लोकांना हेडफोन लावून बसवायचं, ते दमले की ब्रेक द्यायचा, आणि आलेल्या मतांवर संख्याशास्त्र लावायचं. ज्यांना माणसांत राहायला आवडतं त्यांना हे छान जमतं, ज्यांना पक्कं उत्तर हवं असतं ते इथे फार त्रासतात, मी बघितलंय.

गणितात सिद्धता झाली की झाली, पण तिथे वेगळीच टोचणी असते की यातून संगीताबद्दल काही कळलं का? गॉडफ्राइड तुसाँ हे तेव्हा कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत असलेले कॉम्प्युटर सायन्सवाले, त्यांनी २००५ मध्ये दाखवलं की आठ घरांत तीन ठोके जास्तीत जास्त समान अंतरावर बसवले की ३-३-२ येतं, आणि ही लय क्युबापासून कुठे कुठे वाजते. आपल्या केरव्यातही आठ मात्रा अशा तोडून वाजवतात. गंमत म्हणजे ते ठोके बसवायची रीत न्यूट्रॉनच्या यंत्राच्या टायमिंगसाठी शोधलेली होती. इथे गणिताने खरंच काहीतरी सांगितलं. दिमित्री तिमोच्को यांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कॉर्ड्सची (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांची) भूमिती मांडली, तेही तसंच. पण या क्षेत्रात असेही पेपर असतात की ज्यात गणित देखणं आणि संगीत नावापुरतं, आणि त्यात आपण अडकलो तर बाहेर ओढायला श्रोता नसतो.

डेटाचं पण बघा. मिक्सिंगला सुटे ट्रॅक लागतात, म्हणजे गाणं तयार व्हायच्या आधीचं कच्चं रेकॉर्डिंग, आणि ते कंपन्या सहसा देत नाहीत. संशोधकांसाठीच्या संग्रहांपैकी मेडलीडीबीमध्ये सुरुवातीला १२२ गाणी होती, एमयूएसडीबी१८ मध्ये १५० आहेत आणि त्यातले तुकडेही आधीच इफेक्ट लागलेले, म्हणून २०२२ मध्ये तर काहींनी ते इफेक्ट आधी सारखे करून मगच ट्रेनिंग करायची युक्ती काढली. गणिताला कागद-पेन्सिल पुरते, पण ग्रुप थिअरी आणि टोपॉलॉजी या गणिताच्या अमूर्त शाखा पक्क्या हव्यात, इंजिनीअरिंगच्या एम-३ (गणिताचा तिसरा पेपर) वर भागत नाही. नोकरीचं म्हणाल तर मिक्सिंगवाल्याला प्लगइनच्या कंपन्या, स्ट्रीमिंग, श्रवणयंत्रं असे दरवाजे उघडे असतात, गणितवाल्याला मुख्यतः युनिव्हर्सिटीच. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असेल तर हा मुद्दा संकोच न करता आधी धरा.

आणि आपलं संगीत दोन्हीकडे नियम मोडतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सगळ्या चॅनेलचा आवाज सारखा करायचा हा नियम ख्यालाच्या मैफिलीला लावा, तानपुरा गायकाच्या बरोबरीला येऊन बसेल. तानपुरा ऐकू यायचा नसतो, तो काढून घेतला की कळला पाहिजे. शिवाय मैफिलीत सगळे शेजारी बसतात, तबला गायकाच्या माइकमध्ये असतोच, सुटे ट्रॅक म्हणजे नावालाच सुटे. गणितात तीच गोष्ट: बारा स्वरांच्या चौकटीवर उभी असलेली पाश्चात्त्य मांडणी घ्या आणि तिच्यात दरबारीचा आंदोलित कोमल गंधार कुठे ठेवायचा ते सांगा. तो ठिपका नाहीच, ती हलती रेघ आहे. बार्सिलोनात झेवियर सेरा यांच्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात, त्यात आपल्या आयआयटी मुंबईच्या प्रीती राव आणि आयआयटी मद्रासच्या हेमा मूर्ती यांचे गटही होते, गाण्याची अशी सलग रेघ काढून, सा कुठे आहे ते शोधून, सगळं सेंटमध्ये (स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, सप्तकात १२००) त्या साशी जोडून बघितलं. मिक्सिंग आणि गणित यांच्या मधली ही तिसरी वाट आहे, आणि कान आपल्या गाण्याने तयार झालेल्या मुलांना मी ती आधी बघायला सांगतो.

तरी दोनातलंच एक निवडायचं असेल आणि तुम्ही पाच मिनिटं तरी मिक्सर हाताळलाय, तर मी मिक्सिंग म्हणेन, कारण आपल्या मैफिलींचे सुटे ट्रॅक नीट रेकॉर्ड करून जपून ठेवायचं कामच फार मोठं राहिलंय आणि ते इथली माणसंच करू शकतात. पण आधी एक रविवार द्या. सकाळी एखाद्या मित्राच्या गाण्याचे चार ट्रॅक घ्या, तीन वेगळी मिक्सेस करा, नावं झाकून घरातल्या पाच जणांना ऐकवा आणि त्यांची न जुळणारी मतं लिहून काढा. दुपारी सोळा मात्रांत पाच ठोके जास्तीत जास्त समान कसे बसतील ते कागदावर काढा आणि आपलं उत्तर बरोबरच का आहे ते सिद्ध करायला बसा. संध्याकाळी यातलं कुठलं काम अर्धवट सोडून जेवायला उठणं जिवावर आलं ते आठवा.