सेमिस्टर संपल्यावर पुस्तक मूळ जागी कोण आणतं? रिझर्व्हसाठी कोहा, एव्हरग्रीन, फोलिओ की मूडल

समजा, वर्गात १२० मुलं आहेत आणि नेमलेल्या पुस्तकाच्या प्रती सहा. त्या सहाही पहिल्याच आठवड्यात होम इश्यूवर गेल्या तर बाकीच्या ११४ जणांनी काय करायचं? हा प्रश्न ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या प्रत्येक ग्रंथपालाला जुलैत पडतो आणि त्याचं उत्तरही सगळ्यांना ठाऊक आहे. चार प्रती काउंटरमागच्या कपाटात ठेवायच्या, आय-कार्ड ठेवून घेऊन दोन तासांसाठी द्यायच्या, संध्याकाळी शिल्लक राहिल्या तर ओव्हरनाइट सोडायच्या. यालाच रिझर्व्ह म्हणतात. कुणाकडे याचं रजिस्टर असतं, कुणाकडे एक्सेलची शीट. आता कॉलेजं स्वायत्त झाली, खासगी विद्यापीठं आली, नव्या शैक्षणिक धोरणाने एकेका विद्यार्थ्यासमोर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी भली मोठी मांडणी ठेवली. रजिस्टर पुरेनासं झालं आहे.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधले चार पर्याय गंभीरपणे पाहण्यासारखे आहेत: कोहा, एव्हरग्रीन, फोलिओ आणि जरा वेगळ्या वाटेने मूडल. पहिल्या तिघांची वैशिष्ट्यं वाचली तर ती एकाच साच्यातली वाटतात. कोर्स तयार करा, प्राध्यापक जोडा, पुस्तकं जोडा, यादी विद्यार्थ्यांना दिसू द्या. डेमो देणारा माणूसही एवढंच दाखवतो आणि समिती माना डोलावते. पण पुस्तक रिझर्व्हमध्ये घालणं कधीच अवघड नव्हतं, अवघड असतं ते बाहेर काढणं. परीक्षा झाली की ती प्रत मूळ शेल्फवर, मूळ आयटम टाइपवर (म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या प्रतीच्या प्रकारावर), मूळ मुदतीवर परतली पाहिजे. नाही परतली तर कॅटलॉग सांगतो 'रिझर्व्ह', प्रत असते रांगेत, आणि स्टॉक व्हेरिफिकेशनला अटेंडंट ती दोन्हीकडे शोधत बसतो. म्हणून मी या चौघांकडे पाहतो ते सेमिस्टरच्या शेवटच्या दिवसापासून उलटं.

कोहा

न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये हे लिहायला घेतलं गेलं आणि २००० पासून ते वापरात आहे. रिझर्व्हचं मॉड्यूल मात्र बऱ्याच उशिरा, २०१३ मध्ये ३.१४ या आवृत्तीत आलं. सिस्टिम प्रेफरन्समध्ये, म्हणजे कोहाच्या सेटिंग्जमध्ये, ते चालू करायचं, विभागांची आणि सत्रांची यादी भरायची, मग कोर्स उघडायचा. कोर्सला विभाग, क्रमांक, सेक्शन, सत्र, शिक्षक, विद्यार्थिसंख्या आणि दोन टिपा असतात: एक कर्मचाऱ्यांसाठी, एक सगळ्यांना दिसणारी.

खरी गंमत पुस्तक जोडताना आहे. प्रतीचा बारकोड दिला की कोहा विचारतो, तात्पुरतं काय बदलायचं? आयटम टाइप, कलेक्शन, शेल्फिंग लोकेशन, मालकीची शाखा. मूळ नोंद तो बाजूला जपून ठेवतो. कोर्स बंद केला किंवा प्रत कोर्समधून काढली की मूळ नोंद आपोआप परत येते. बारकोड एकदम भरून शंभर प्रती जोडता येतात, तशाच एकदम काढताही येतात. नव्या आवृत्त्यांत प्रत नसलेली, म्हणजे फक्त ऑनलाइन असलेली नोंदही यादीत घेता येते.

मेख अशी की कोर्सला स्वतःची शेवटची तारीख नसते. 'हिवाळी सत्र' हे कोहासाठी फक्त एक नाव आहे. ते कधी संपतं हे त्याला कळत नाही. कोर्स कुणीतरी बंद करावा लागतो. अकॅडमिक कॅलेंडरमध्ये 'रिझर्व्ह उतरवणे' ही नोंद ज्या ग्रंथालयात असते तिथे कोहा चोख चालतो. नसते तिथे तीन वर्षांपूर्वीचे कोर्स अजून सुरू दिसतात, बहुतेकदा निवृत्त झालेल्या सरांच्या नावाने.

दुसरी अडचण ओपन इलेक्टिव्हची. एकच पेपर वाणिज्य आणि विज्ञान दोन्ही शाखांची मुलं घेतात, विभागांच्या नोंदी वेगळ्या, पुस्तकं तीच. कोहात तीच प्रत दोन कोर्सना जोडता येते, पण यादी दोनदा भरावी लागते आणि तात्पुरता नियम त्या प्रतीला एकच राहतो. दोनपैकी एक कोर्स बंद झाला तरी दुसरा चालू असेपर्यंत प्रत रिझर्व्हमध्येच राहते, आणि ते योग्यच आहे. ज्याला हे माहीत नसतं तो 'सॉफ्टवेअर बिघडलं' म्हणून फोन करतो.

तासांच्या मुदतीबद्दल थोडं सविस्तर, कारण काउंटरवरची भांडणं इथेच होतात. सर्क्युलेशनच्या नियमांत मुदतीचं एकक दिवसाऐवजी तास ठेवता येतं, म्हणजे दोन तासांचा इश्यू सोपा. ओव्हरनाइटचं मात्र जमवून घ्यावं लागतं. एक दिवसाची मुदत दिली तर कोहा दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत वेळ देतो. आपल्याला हवी असते सकाळची वेळ. त्यासाठी 'ओव्हरनाइट' असा वेगळा आयटम टाइप करून त्याला अठरा तास द्यावेत. साडेचारला दिलेलं पुस्तक सकाळी साडेदहाला येतं. आणखी एक: जुन्या आवृत्त्यांना ग्रंथालय साडेपाचला बंद होतं हे ठाऊकच नसतं, त्यामुळे साडेचारला दोन तासांसाठी दिलेल्या प्रतीची मुदत साडेसहाला संपते, तेव्हा दाराला कुलूप. नव्या आवृत्त्यांत ग्रंथालयाच्या वेळा लक्षात घेण्याची सोय आहे. जुना कोहा बसलेला असेल तर आधी तो वर चढवा. तासाचा दंड लावायचा असेल तर पुस्तक परत घेतानाच दंड काढणारं प्रेफरन्स चालू आहे ना, हेही पाहा. रात्री एकदा चालणाऱ्या हिशेबावर तासांचा दंड सोडू नये.

मराठी विभागाच्या याद्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. देवनागरी शीर्षकांचा शोध नीट चालायचा तर कोहाच्या झेब्रा शोधयंत्राची मांडणी आयसीयू (युनिकोडवर चालणाऱ्या) पद्धतीने हवी, नाहीतर इलॅस्टिकसर्च हे दुसरं शोधयंत्र जोडावं. बसवून देणारे बरेच जण इंग्रजीची नेहमीची मांडणी ठेवून जातात. मग 'अर्थशास्त्र' टाकल्यावर काहीच सापडत नाही आणि दोष टंकलेखनाला जातो.

एव्हरग्रीन

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या पाइन्स या जाळ्यासाठी हे तयार झालं आणि २००६ मध्ये सुरू झालं. शेकडो शाखा, एक डेटाबेस, प्रत्येक शाखेचे नियम वेगळे, हा त्याचा पिंड. कोर्स मटेरियल्सचं मॉड्यूल २०२० च्या ३.६ आवृत्तीत आलं. उशिरा आलं तरी विचारपूर्वक केलेलं आहे. प्रत जोडताना वर्गांक, स्थिती, इश्यूचा प्रकार आणि शेल्फ तात्पुरते बदलता येतात. कोर्स अर्काइव्ह केला की सगळं पूर्ववत. प्राध्यापकांनी स्वतःच्या घरून आणलेल्या पुस्तकासाठी चार ओळींची तात्पुरती नोंद जागेवरच करता येते. ही सोय मला फार आवडते, कारण विभागप्रमुखांचं 'माझी प्रत ठेवा तिथे, पण दाखल करू नका' हे काही नवीन नाही.

मग घ्यावं का? ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाच्या आवारात कला-वाणिज्य, विज्ञान, कायदा, तंत्रनिकेतन अशा एकाच संस्थेच्या शाखा शेजारी-शेजारी आहेत. अशा रचनेकडे पाहिलं की एव्हरग्रीन डोक्यात येतं. पण चार-पाच शाखा कोहाही आरामात सांभाळतो, आणि कोहा येणारी माणसं मुंबई परिसरात मिळतात. एव्हरग्रीन येणारा माणूस शोधायला निघालात तर बहुधा समुद्रापार ईमेल पाठवावी लागेल. संस्थेची पंधरा-वीस कॉलेजं दोन-तीन जिल्ह्यांत पसरलेली असतील आणि सगळ्यांचा एकच कॅटलॉग करायचा पक्का निर्णय झालेला असेल, तरच या वाटेला जा.

फोलिओ

चौघांत सर्वात नवं. २०१६ मध्ये जाहीर झालं आणि २०१९ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठात पहिल्यांदा प्रत्यक्ष कामाला लागलं. सुट्या सुट्या ॲप्सचं हे सॉफ्टवेअर आहे आणि त्यातलं 'कोर्सेस' हे ॲप रिझर्व्हसाठी. कागदावर पाहिलं तर रिझर्व्हचा विचार इथे सर्वात खोलवर झाला आहे. सत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. प्रतीचं कायमचं ठिकाण आणि तात्पुरतं ठिकाण, कायमचा इश्यू-प्रकार आणि तात्पुरता, अशा वेगळ्या जागा मुळातच आहेत. तात्पुरतं भरलं की तेच लागू होतं, कायमच्याला हात लागत नाही. कॉपीराइटची स्थिती नोंदवायलाही रकाना आहे. आणि ओपन इलेक्टिव्हच्या दुखण्यावर नेमकं औषध: दोन विभागांचे कोर्स एकमेकांना जोडले की पुस्तकांची यादी दोघांना एकच. एकदा भरा, दोन्हीकडे दिसेल.

तरीही नवी मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांना मी फोलिओ सुचवणार नाही. कोहा एका साध्या डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरवर निमूट चालतो. फोलिओ म्हणजे डझनावारी लहान सेवा, त्यांच्यामध्ये निरोप पोचवणारी काफ्का, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारा माणूस. मेमरीही कोहाच्या कैकपट. शिवाय विद्यार्थ्यांनी पाहायचा कॅटलॉग त्याच्यासोबत येत नाही. व्ह्यूफाइंडसारखं काहीतरी वेगळं बसवावं लागतं. ज्या कॉलेजात सर्व्हरची जबाबदारी संगणक विभागातल्या एका उत्साही सरांकडे आहे आणि ते सर पीएचडीच्या रजेवर जायचे आहेत, तिथे हे नको. स्वतःची आयटी टीम, अनेक विद्याशाखा आणि ई-संसाधनांचा मोठा पसारा असलेल्या खासगी विद्यापीठाने मात्र डेमो जरूर पाहावा.

मूडल कुठे बसतं

मूडल हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर नाही, हे आधी मान्य करू. २००२ पासूनचं, कोर्स चालवण्यासाठीचं. पण कित्येक विभागांत वाचनसाहित्य आजही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतं आणि प्रकरणाच्या स्कॅनचीच मागणी जास्त असते. तिथे मूडलचा उपयोग आहे, कारण त्या कोर्सला नोंदवलेल्या मुलांनाच फाइल दिसेल अशी व्यवस्था करता येते. कपाटातल्या चार प्रतींपैकी आत्ता किती आत आहेत, हे त्याला कधीच सांगता येणार नाही.

म्हणून दोन्ही ठेवावीत आणि जोड द्यावी. कोहात प्रत्येक कोर्सच्या यादीचं स्वतंत्र पान असतं. त्याचा दुवा मूडलच्या कोर्समध्ये सर्वात वर चिकटवायचा. संध्याकाळी ट्रान्स-हार्बरने घरी निघालेली मुलगी तुर्भ्याला गाडीत उभ्या-उभ्या उद्याची प्रत शोधू शकते.

स्कॅन चढवण्याआधी कायद्याचा एक शब्द. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(आय) खाली, शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रतींना मोकळीक दिली. तो निकाल शिक्षणाच्या गरजेपुरत्या प्रतींचा आहे. अख्खं पाठ्यपुस्तक पीडीएफ करून सगळ्यांसाठी खुलं टाकायला त्याचा आधार घेऊ नये.

निव्वळ रिझर्व्हसाठी वेगळं सॉफ्टवेअरही एकेकाळी होतं. एमोरी विद्यापीठातलं रिझर्व्हजडायरेक्ट त्यातलं नावाजलेलं, मुक्त स्रोतच. ते मागे पडलं. आजही एखादा माजी विद्यार्थी 'सर, मी तुम्हाला रिझर्व्हचं ॲप बनवून देतो' म्हणतो तेव्हा त्याला चहा पाजावा आणि दुसरं काम द्यावं. इश्यू एका डेटाबेसमध्ये आणि रिझर्व्ह दुसऱ्यात असला की दोन्ही खोटे पडायला एक सत्र पुरतं.

आधीपासून सोल असेल तर

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत सोल हे इन्फ्लिबनेट या केंद्राचं ग्रंथालय-सॉफ्टवेअर चालतं. ते मुक्त स्रोत नाही, पण फेकून देण्यासारखंही नाही. केवळ रिझर्व्हसाठी स्थलांतर करायचं का? वर्षाला वीस-तीस पुस्तकंच रिझर्व्हमध्ये जात असतील तर नको. वेगळा आयटम टाइप करून भागवा. शंभर-दीडशेच्या वर जात असतील तर विचार करा. नोंदी मार्क २१ या ग्रंथालयांच्या प्रमाण नमुन्यात बाहेर काढता येतात. कोहात प्रतीची माहिती ९५२ या फील्डमध्ये जाते आणि दाखल क्रमांक तिथे 'पी' या उपफील्डात बारकोड म्हणून बसतो. तो क्रमांक रजिस्टरशी जुळवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या, अहवालात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, स्वयंचलन पूर्ण की अंशतः, सुरू केल्याचं वर्ष, हे सगळं भरावं लागतं, तेव्हा बदलाची वेळ नॅकच्या फेरीच्या तोंडावर नको. मे महिना बरा.

खर्चाचं थोडक्यात: परवान्याचे पैसे शून्य, बाकी सगळ्याचे लागतात. सर्व्हर, बॅकअप, वार्षिक देखभाल, आणि नोंदी साफ करायला बसवलेल्या दोन माणसांचा पगार.

निवड कोहा आणि फोलिओवर येऊन अडली असेल तर दोघांच्याही डेमोत पुरवठादाराला बोलू न देता हे करून दाखवायला सांगा. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. एक प्रत दोन कोर्सना जोडा, दुसरी एकाला. एक प्रत दोन तासांसाठी इश्यू करा. ती बाहेर असतानाच एक कोर्स बंद करा. मग प्रत परत घ्या आणि कॅटलॉग उघडून दोन्ही प्रतींची जागा, प्रकार आणि मुदत वाचा. हे कर्मचाऱ्यांच्या लॉगिनवरून करा, ॲडमिनच्या नव्हे, आणि माऊस अटेंडंटच्या हातात द्या. त्याला जिथे थांबावं लागेल ती जागा लिहून घ्या. पुरवठादाराशी बोलताना तीच यादी लागेल.